बिशपचं गणित, एनगिडीचा प्रश्न

मिशनरी म्हणजे झगा घातलेला शिपाई, हे वाक्य सध्या व्याख्यानांत फार चालतं. आमचे एक प्राध्यापक मित्र दरवर्षी ते नव्या सभागृहात टाकतात आणि टाळ्या घेऊन घरी जातात. त्यांच्यासमोर शाळा, दवाखाने आणि छापखाने यांची यादी वाचणारी मंडळी बसलेली असतात. या दोन्ही पक्षांची पंचाईत करणारा एक माणूस आहे: जॉन विल्यम कोलेन्सो, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीचा पहिला अँग्लिकन बिशप. मराठी वाचकाला हे नाव भेटलंच असेल तर गांधीचरित्रात. 1899 च्या डिसेंबरात बोअर युद्धातल्या ज्या कोलेन्सोच्या लढाईत गांधींच्या भारतीय पथकाने जखमी वाहिले, ते गाव याच बिशपच्या नावाचं.

गडी मुळात गणितातला. 1814 चा जन्म, केंब्रिजला गणितात दुसरा, मग हॅरोच्या शाळेत मास्तर. त्याची अंकगणित-बीजगणिताची पुस्तकं इंग्लंडच्या पोरांनी पिढीभर घोकली. 1853 साली बिशप झाला, 1855 मध्ये कुटुंबासह पीटरमॅरित्झबर्गजवळ एकुखान्येनीला येऊन राहिला. झुलू भाषा शिकला, व्याकरण लिहिलं, कोश केला, छापखाना घातला. एकाहून जास्त बायका असलेल्याला बाप्तिस्मा देण्याआधी बाकीच्या हाकलायला लावू नयेत, असंही म्हणाला. त्या बायका-पोरांनी जायचं कुठे, हा प्रश्न इतर पाद्र्यांना पडला नव्हता.

बायबलच्या भाषांतरात त्याला मदत करत होता विल्यम एनगिडी नावाचा झुलू. (आडनाव क्रिकेटमुळे ओळखीचं वाटेल.) नोहाच्या गोष्टीपाशी त्याने विचारलं: हे सगळं खरंच घडलं? थंड मुलखातले, उष्ण मुलखातले सगळे प्राणी जोडीजोडीने त्या तारवात आले? भूगर्भशास्त्र वाचलेल्या बिशपला तोंडावर खोटं बोलवेना. तो कामाला लागला आणि 1862 पासून मोशेच्या पंचग्रंथावरचे त्याचे खंड निघू लागले. पद्धत हिशेबनिसाची. इजिप्तमधून सहा लाख लढवय्ये निघाले, म्हणजे एकूण माणसं वीस लाखांच्या घरात. इतक्या वस्तीत रोज बाळंतपणं किती, प्रत्येकीच्या शुद्धीसाठी बळी किती, आणि तो प्रसाद पवित्र स्थळीच खायचा तर पुरोहित किती? तीन. मग दर पुरोहिताच्या वाट्याला दिवसाला 88 कबुतरं.

लंडनमध्ये हशा पिकला. बिशप झुलूंना बाटवायला गेला आणि झुलूनेच बिशपला बाटवला, ही त्या काळची आवडती कोटी. पण मला जास्त बोचतो तो मॅथ्यू अर्नल्ड. हा कर्मठ पाद्री नव्हे, कवी आणि उदारमतवादी. 1863 च्या जानेवारीत त्याने कोलेन्सोला झोडपलं, तेही पुस्तक चूक आहे म्हणून नव्हे. तक्रार अशी की यातून बहुजनांची उन्नती होत नाही आणि मूठभर जाणत्यांना नवीन काही कळत नाही. स्पिनोझाने हेच लिहिलं, पण लॅटिनमध्ये, जाणत्यांपुरतं. म्हणून तो शहाणा.

हा युक्तिवाद आपल्याकडे सोवळं नेसून अजून जेवायला बसतो. तुमचं खरं असेल हो, पण चारचौघांत कशाला? आगरकरांना हे ऐकावं लागलं, आणि आज पुराणकथेवर शंका काढणाऱ्याला आमचे प्राध्यापक मित्रही हेच ऐकवतात. अर्नल्डच्या हिशेबात एक गोम आहे. त्याचे ‘बहुजन’ म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधल्या बाकांवरचे लोक. शंका ज्याने काढली तो एनगिडी ना त्याच्या बहुजनांत ना जाणत्यांत. शंका श्रद्धाळूंपर्यंत पोहोचू नये म्हणून अर्नल्ड दार लावत होता, आणि ती तर आधीच आत, बाकावर बसलेली होती.

केपटाउनचे बिशप ग्रे यांनी कोलेन्सोला पाखंडी ठरवून पदच्युत केलं. 1865 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ग्रे यांना तो अधिकारच नाही असा निवाडा दिला. मग एका वसाहतीत दोन बिशप. हा तमाशा इथेच सोडतो, कारण खरी कसोटी 1873 ची.

ह्लुबी जमातीचा प्रमुख लांगालिबालेले. त्याच्या पोरांनी हिऱ्यांच्या खाणीत राबून बंदुका घेतल्या, सरकारने नोंदणीचा हुकूम काढला, बोलावणं आलं, तो घाबरून डोंगरापलीकडे पळाला. झटापटीत गोरे स्वयंसेवक मेले. खटल्यात न्यायासनावर गव्हर्नर आणि शेजारी थिओफिलस शेपस्टोन, एतद्देशीय खात्याचा सचिव. आरोपीला धड वकील नाही. जन्मठेप, रॉबेन बेट. शेपस्टोन हा कोलेन्सोचा जिवलग मित्र. तरी बिशपने साक्षीदार शोधले, आणि त्यांतून निघालं की 1858 साली शेपस्टोनच्याच भावाने बोलणी करायला म्हणून एका प्रमुखाला बोलावून, लपवून आणलेल्या हत्यारांनी गोळीबार केला होता. बोलावणं आल्यावर लांगालिबालेले का पळाला, ते यातून कळतं. कोलेन्सोने लंडन गाठलं, गव्हर्नरला परत बोलावलं गेलं आणि मैत्री कायमची तुटली. 1879 च्या झुलू युद्धातही इसान्डल्वानाला गोरं सैन्य कापलं गेलं असताना याने व्यासपीठावरून विचारलं, आपण तिथे न्याय केला का?

शिपाई असं करत नाही. पण इथेच प्राध्यापकांना थोडं देणं भाग आहे. एकुखान्येनीची शाळा गव्हर्नर जॉर्ज ग्रे (बिशप ग्रे नव्हेत) यांच्या पैशावर उभी राहिली, प्रमुखांची मुलं त्यात आणली ती शेपस्टोनच्याच वजनामुळे. आणि कोलेन्सो साम्राज्याविरुद्ध कधीच नव्हता. अन्याय होतो तो वसाहतवाल्यांमुळे, लंडनला कळलं की निस्तरेल, ही त्याची श्रद्धा. आपल्या दादाभाईंचीही सुरुवातीची जातकुळी हीच. मोशेची आकडेमोड करणाऱ्याने राणीच्या न्यायाची आकडेमोड केली नाही. झुलू राजा झेटश्वायो पदच्युत झाला, झुलूंचा मुलूख तेरा तुकड्यांत वाटला गेला; बिशप अर्ज लिहीत राहिला आणि 1883 मध्ये वारला.

म्हणून तो शिपाई की संत, या वादात मला आता रस उरलेला नाही. दोन्ही बाजूंनी काळा माणूस नुसता घेणाराच धरलाय: कोणी म्हणतं विष घेतलं, कोणी म्हणतं औषध. एकुखान्येनीच्या छापखान्यात खिळे जुळवणारा मागेमा फुझे बघा. 1859 मध्ये राजा म्पान्डेच्या भेटीला तो बिशपबरोबर गेला आणि त्या प्रवासाची स्वतःची हकिकत लिहिली. ती छापूनही निघाली. बिशपच्या पश्चात तो सेंट हेलेनावर कैदेत असलेल्या झेटश्वायोच्या मुलाच्या, दिनुझुलूच्या, दिमतीला गेला. म्हातारपणी त्याने आपल्या लोकांच्या उगमाचा आणि राजांचा इतिहास झुलूत लिहिला, ‘अबान्तु अबाम्न्यामा’, 1922. कोलेन्सोचं दोन खंडी चरित्र 1888 मध्येच आलं होतं; फुझेचं पुस्तक इंग्रजीत यायला 1979 उजाडलं, आणि मराठीत ते अजून कोणी मागितलेलंही ऐकलं नाही.