विळीचं पातं

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीत सकाळी सातच्या सुमारास धारवाला येतो. रंगमंदिराच्या बाजूने त्याची हाळी आधी येते, तो मागाहून. सायकल स्टँडवर चढवली, पायडल मारलं, की दगडाचं चाक फिरू लागतं.

परवा त्याच्याकडे आजीची विळी नेली. पात्यावरून त्याने अंगठा हलकेच फिरवला. म्हणाला, "मावशी, निम्मं झिजलंय. पण माल अस्सल आहे."

निम्मं गेलं कुठे? थोडं अशा दगडांवर गेलं. थोडं मेथीत, भोपळ्यात, लोणच्याच्या कैऱ्यांत गेलं. म्हणजे आमच्याच पोटात.

मला ग्रीनलंडच्या बाया-माणसांची आठवण झाली. कुठे उस्मानपुरा आणि कुठे ग्रीनलंड! पण लोखंडाचा विषय निघाला की मन लांब जातं. तिथे केप यॉर्कजवळ फार पूर्वी एक लोखंडी उल्का तुकडे होऊन पडली. त्या बर्फात लोखंड गाळायला ना लाकूड, ना भट्टी. पण लोक दुरून काळे दगड आणत आणि उल्केवर घाव घालत बसत. नाण्याएवढी कपची निघे. ती थंडच ठोकून चपटी करायची, हाडाच्या किंवा दाताच्या खाचेत बसवायची, की झाली सुरी. तिने मांस कापायचं, कातडं सोलायचं. त्या धोंड्यांना त्यांनी घरातली नावं दिली होती : तंबू, बाई, कुत्रा. 'बाई'भोवती फुटक्या दगडांचा खच पडलेला होता. दगड बेसाल्टचा, आपल्या देवगिरीच्या जातीचा. शेकडो वर्षं हे चाललं. मग 1897 मध्ये पिअरी नावाच्या अमेरिकी प्रवाशाने सर्वांत मोठा धोंडा, सुमारे 31 टनांचा, जहाजावर चढवून न्यूयॉर्कला नेला.

आपल्या लोणारला याहून कितीतरी मोठं काही आदळलं. सुमारे 1.8 किलोमीटर रुंद विवर झालं, त्यात पाणी साठलं. पण हातात घेऊन ठोकावं असं लोखंड काही उरलं नाही. आपल्या लोकांनी ते जमिनीच्या दगडातूनच गाळलं. नागपूर जिल्ह्यात नाईकुंडच्या उत्खननात अशी भट्टी सापडली, अडीच हजार वर्षांहून जुनी.

वरून पडलेल्या लोखंडाची एक गोष्ट मात्र या शहराला हळूच शिवून जाते. 1621 च्या एप्रिलात जालंधरजवळच्या गावात मोठा आवाज झाला आणि काहीतरी तापलेलं जमिनीत घुसलं. खणून काढलं तर लोखंडाचा गोळा, वजन 160 तोळे. जहांगीर बादशहाने तो उस्ताद दाऊदच्या हवाली केला. घणाखाली गोळा टिकेना, फुटू लागला. मग तीन भाग आकाशाचं आणि एक भाग साधं लोखंड मिसळलं, तेव्हा कुठे काम जमलं. आकाशाच्या लोखंडालाही जमिनीचा हात धरावा लागला. दोन तलवारी, एक कट्यार, एक सुरी झाली. बादशहाने हे सगळं आत्मचरित्रात मोठ्या हौसेने लिहून ठेवलंय. त्याच साली त्याच्या फौजेने मलिक अंबरची खडकी जाळली. खडकी म्हणजे आपलं हे गाव.

एकाच जातीचं लोखंड. एकीकडे दरबारात मिरवलं, दुसरीकडे रोज थोडं थोडं झिजलं. मला विचाराल, तर उल्का त्या हाडाच्या मुठीतच खरी घरी आली. बादशहाची सुरी आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. तिने कधी भाजी चिरल्याचं ऐकिवात नाही.

धारवाल्याने पातं फडक्याने पुसून हातात दिलं. "नवीन बसवू का?" असं त्याने विचारलं नाही, मीही म्हटलं नाही. तीस रुपये झाले. घरी शेपूची जुडी निवडून ठेवलेली होती.