लाकडाचे वासे, दगडाचे वासे

जुन्नरहून कुकडी ओलांडून लेण्याद्रीला आलेला भाविक तीनशेच्या आसपास पायऱ्या चढतो आणि बहुधा थेट गिरिजात्मज गणपतीच्या दर्शनाला जातो. शेजारीच सहा क्रमांकाचे लेणे आहे, बौद्ध चैत्यगृह. आत जाऊन मान वर केली की स्तूपावर कमान धरलेले वासे दिसतात, एकामागे एक, लाकडी घराला छत पेलण्यासाठी घालतात तसेच. मात्र हे वासे डोंगराच्या अखंड कातळातूनच कोरून काढलेले आहेत. पेलत ते काहीच नाहीत. लाकडी इमारतीचा आकार दगडात उतरला, त्याचे काम मागेच राहिले.

संगणकावरचे त्रिमितीय मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेणाऱ्याला हा अनुभव रोजचा आहे. समजा, नारायणगावच्या एखाद्या वर्कशॉपसाठी कुणी द्राक्षबागेतल्या फवारणी यंत्राची पट्टी काढली. पट्टीला एक भोक आहे. मूळ फाइलमध्ये त्या भोकाबरोबर त्याची नातीही नोंदलेली असतात: भोक दोन्ही कडांच्या बरोबर मध्ये हवे, बोल्टपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठे हवे, बोल्ट बदलला तर भोकही आपोआप बदलायला हवे. हीच पट्टी स्टेप फाइलमध्ये नेली, जिचे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ साली प्रसिद्ध झाले, तर गोलाई नेमकी राहते. नाती सहसा गळून पडतात. पुढे थ्रीडी प्रिंटरसाठी एसटीएल केली की गोलाईही जाते. १९८७ साली थ्रीडी सिस्टिम्स कंपनीच्या यंत्रांसाठी तयार झालेल्या या फाइलला फक्त त्रिकोण कळतात. वर्तुळाचा बहुकोन होतो. एककही उरत नाही. आकडा २५ असेल, तर ते मिलिमीटर की इंच, हे फाइल सांगत नाही.

मग पलीकडे पोहोचली ती तीच पट्टी का?

हा प्रश्न या डोंगरांना परका नाही. जुन्नरच्या लेण्यांत यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, दानाचे ब्राह्मी लेख आहेत. कुणी पाण्याच्या पोढी दिल्या, कुणी भोजनमंडप. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातला राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, तोही यवनच. रथातून आलेल्या या राजाला भिक्खू नागसेन विचारतात, की आख म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? की जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी मान्य करतो, की हे सगळे मिळून जे होते त्याला रथ हे नाव आहे. रथ नावाची निराळी वस्तू आत कुठे दडलेली नाही.

या न्यायाने पाहिले तर फाइल बदलताना काही हरवायलाच नको. पट्टी आली, भोक आले, नावही आले. तरी पंधरा दिवसांनी बोल्ट बदलायची वेळ येते आणि वर्कशॉपमधला माणूस अडून बसतो. त्याचे काय हरवले, याचे उत्तरही बौद्ध विचारातच आहे. प्रतीत्यसमुत्पाद सांगतो, की प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाच्या तरी आधाराने उभी असते. हे आहे म्हणून ते आहे. बोल्ट बारा मिलिमीटरचा आहे म्हणून भोक साडेबाराचे आहे. फाइल बदलताना गळतो तो हा ‘म्हणून’. भागांच्या यादीत तो कधीच नव्हता, त्यामुळे यादी तपासून तो गेल्याचे कळतही नाही.

आकारातली प्रत्येक घट मात्र नुकसान नसते. जुन्नर तालुक्यातच खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या घडवताना तारांवर पोलादी जाळी ताणली आणि वक्र पृष्ठभाग सपाट तुकड्यांनी साधला. एसटीएल करते तेच, पण इथे हिशोब आधी केलेला होता. ही दुर्बीण पकडते त्या लहरींची लांबी वीसएक सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत असते. इतक्या लांब लहरीला तो बारीक सपाटपणा जाणवत नाही. तबकडी हलकी झाली, वाऱ्याला वाट मिळाली, खर्च वाचला. काय सोडले आणि का सोडले, हे सोडणाऱ्यांना पक्के माहीत होते.

शेजारच्या तालुक्यात याच्या उलट घडले आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याचे नाव पडले, ते जुने गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे, नाव आंबेगावच. त्रिमितीय मॉडेलच्या ओबीजे फाइलची तीच तऱ्हा. पृष्ठभागावर चढवायचे चित्र तिच्यात नसते. ते ज्या फाइलींत असते त्यांचे उल्लेख तेवढे असतात. सोबतच्या फाइली पाठवायच्या राहिल्या, की पलीकडे राखाडी मॉडेल उघडते. नाव हाक मारत राहते, ओ द्यायला कुणी नसते.

आणि गिरिजात्मजाचे लेणे? सात क्रमांकाचा तो मुळात भिक्खूंचा विहार. खांबांशिवाय कोरलेला मोठा मंडप, कडेने कोठड्या. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन कोठड्यांमधली भिंत काढून तिथे गणपती विराजमान झाला. सहाव्या लेण्यात आकार आला आणि हेतू सुटला. सातव्यात जुना आकार बहुतेक तसाच राहून त्याला नवा हेतू मिळाला, आणि तिथे हात जोडणाऱ्याची श्रद्धा त्यामुळे तसूभरही उणी होत नाही. जुन्या कोठड्या उघड्या दिसतात, म्हणून आधीच्या रहिवाशांची आठवणही तिथे शिल्लक आहे.

म्हणूनच जाणती माणसे रूपांतर केले तरी मूळ फाइल पुसत नाहीत. नव्या फाइलीसोबत एकक कोणते, वरची दिशा कोणती, कोणते माप कशावर अवलंबून आहे, हे साध्या मजकुरात लिहून ठेवतात. लेण्याद्रीच्या कारागिरांनी असे काही लिहून ठेवलेले नाही. पण याच पुणे जिल्ह्यात कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन हजार वर्षांपूर्वीचे सागवानी वासे अजून छताला आहेत. तेही कातळाला आधार देत नाहीत, तरी लाकूड म्हणून ओळखू येतात. ते पाहून आलेला माणूस लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यात मान वर करतो, तेव्हा त्या दगडी कमानींत त्याला सुताराचे घर दिसते.