वासराविना पान्हा

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, आणि त्यांच्या दत्तसंप्रदायात औदुंबर, म्हणजे उंबर, पूज्य मानला जातो. त्याच गावात प्रसिद्ध जैन ग्रंथभांडारेही आहेत, आणि जैन श्रावकाचार, म्हणजे गृहस्थांचा आचारधर्म, मात्र उंबर, वड, पिंपळ आदी पाच झाडांची फळे, त्यांत सूक्ष्म जीव असतात म्हणून, वर्ज्य ठरवतो. एका परंपरेने वंद्य मानलेला उंबर आणि त्याच्यासह दुसरीने फळे अभक्ष्य ठरवलेली वड-पिंपळासारखी झाडे आयुर्वेदात क्षीरवृक्ष, म्हणजे खाच पडताच पांढरा चीक स्रवणारी झाडे, म्हणून ओळखली जातात. अचेतन वस्तूची हालचाल सप्रयोजन असू शकते काय, हा दर्शनशास्त्रातला जुना वाद या चिकाच्या आधारे नव्याने तपासता येतो.

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेनुसार वासराच्या वाढीसाठी अचेतन दूध जसे स्रवते, तशी अचेतन प्रकृती पुरुषाच्या, म्हणजे चेतन तत्त्वाच्या, मोक्षासाठी प्रवृत्त होते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हा दृष्टांत नाकारला, कारण त्यांच्या मते पान्हा फुटतो तो सचेतन गाईच्या वात्सल्याने आणि वासराच्या चोखण्याने.

वडाच्या चिकात नैसर्गिक रबराचे सूक्ष्म कण तरंगतात. पाच कार्बन अणूंचा आयसोपेंटेनिल पायरोफॉस्फेट हा घटक एकापुढे एक जोडून रबराची प्रदीर्घ साखळी तयार होते, आणि ही जोडणी सिस-प्रेनिलट्रान्सफरेज या कुळातील विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, कणाच्या पृष्ठभागावर करते. हे कण चिकातून वेगळे काढून, धुऊन, परीक्षानळीत त्यांना कच्चा माल व मॅग्नेशियम पुरवले, तरी साखळी वाढत राहते. म्हणजे येथे गाय बाजूला केली, तरी दूध तयार होते. याच कुळातील विकरे माणसाच्या पेशींतही असून ती प्रथिनांना शर्करा जोडण्यासाठी लागणारे डोलिकॉल हे लहान साखळीचे द्रव्य घडवतात. यावरून असे दिसते की, रबराची जनुके रबरासाठी म्हणून नव्याने अवतरलेली नसून, सर्व सजीवांत रुजलेल्या जुन्या सामग्रीचेच ते वेगळे वळण आहे.

हा प्रयोग अचेतन प्रवृत्तीपुरता सांख्यांच्या बाजूने जातो, परंतु त्यांच्या मताचा दुसरा भाग, म्हणजे ती प्रवृत्ती परक्याच्या हितासाठी असते हा, त्याने सिद्ध होत नाही. साठवलेला स्टार्च झाड पुन्हा वापरते, पण रबर मोडून त्यातील कार्बन परत मिळवण्याची सोय त्याच्याकडे नाही, आणि ते पिणारे वासरूही नाही. चीक जखम बुजवतो, पाने कुरतडणाऱ्या किड्यांची तोंडे चिकटवतो, आणि अशा उपयोगामुळे ती जनुके पिढ्यान्‌पिढ्या टिकली, असे जीवशास्त्र मानते. शंकराचार्यांच्या बाजूचा वेदान्ती यावर म्हणेल की, विकराचे नियमबद्ध वर्तनही अंतर्यामी ईश्वराच्या अधिष्ठानावर उभे आहे, आणि या उत्तराला परीक्षानळी छेद देऊ शकत नाही. मात्र ते उत्तर आता दुधाच्या दृष्टांतावर टेकवता येत नाही, त्याला स्वतंत्र आधार शोधावा लागतो.

वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानणारी जैन दृष्टी येथे उपयोगी पडते, कारण झाड जिवंत असणे आणि झाड माणसासाठी असणे या दोन गोष्टी ती एक मानत नाही. चिकाचे कार्य झाडाच्या रक्षणापुरते आहे. माणूस खाच पाडून तो काढतो, तेव्हा तो हेतू माणसाचा असतो, आणि म्हणून त्याची जबाबदारीही प्रकृतीवर किंवा ईश्वरावर ढकलता येत नाही.