जुना पत्ता अजून उघडतोय

बस. लॅपटॉप मिटू नकोस, उघडाच राहू दे. ‘सर, यूआरएल रीराइट झाले’ असा मेसेज ग्रुपवर टाकून तू मोकळा झालास. घाटकोपरच्या त्या लग्नाच्या कपड्यांच्या दुकानाची साइट मी काल रात्री उघडून बघितली. फेट्याचं पान नव्या पत्त्यावर उघडलं. मग जुना पत्ता टाकला : प्रॉडक्ट डॉट पीएचपी, प्रश्नचिन्ह, आयडी बरोबर ४२. तोही उघडला! तेच पान, तोच फेटा, तोच भाव, आणि सर्व्हरचं उत्तर दोन्हीकडे २००. याला काम करणं म्हणत नाहीत, पाट्या टाकणं म्हणतात.

एचटीॲक्सेसमधली तुझी ती ओळ एवढंच करते : नवा पत्ता आला की आतल्या आत जुनी फाइल चालवते. जुना पत्ता बंद करणं हे तिचं कामच नाही, आणि हे मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवलं होतं. ती ओळ ज्याच्यावर चालते ते मॉड-रीराइट १९९६ पासून आहे, त्याच्यावर ढीगभर लिहिलं गेलंय. तू कुठून तरी एक ओळ उचललीस, तिच्याखालचा परिच्छेद वाचला नाहीस आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालास.

गूगल दंड करतं, ही अफवा आधी डोक्यातून काढ. मुद्दाम फसवायला नक्कल केलेली नसेल तर दंड वगैरे काही नसतो. एकाच माणसाचं नाव मुलुंडच्या आणि बोरिवलीच्या, दोन्ही मतदार याद्यांत निघालं तर एक उडवतात. कुठलं उडवायचं ते त्या माणसानं आधी सांगितलं नसेल तर दुसराच कोणीतरी ठरवतो. इथंही तेच. दोन पत्त्यांवर एकच मजकूर दिसला की गूगल त्यातला एक स्वतः निवडतं, आणि तो तुझा जुना प्रश्नचिन्हवाला असू शकतो. तोवर बाहेरून आलेल्या लिंका दोन्हींत वाटल्या जातात आणि क्रॉलर तीच पानं पुन्हा पुन्हा वाचत बसतो. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू. त्या दुकानदाराचं वर्षाचं गणित त्या दिवसांवर असतं, आणि त्यानं विश्वासानं काम तुझ्या हाती दिलंय.

मी विचारलं तेव्हा काय म्हणालास? ‘जुने पत्ते रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये बंद करतो.’ अरे, गूगलला आत येऊच दिलं नाहीस तर पत्ता बदलला हे त्याला कळणार कसं? आणि ते जुने पत्ते सरळ उडवून ४०४ देऊही नकोस. दुकानदारानं पिशव्यांवर क्यूआर कोड छापलेत, ते जुन्याच पत्त्यावर जातात. त्या पिशव्या लोकांच्या घरी आहेत. सगळे पत्ते होमपेजवर ढकलणं हाही पळपुटेपणाच. फेटा शोधायला आलेल्याला फेटाच दिसला पाहिजे. पत्ते उगाच बदलू नयेत हे टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय. बदललेसच ना? मग प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच वस्तूच्या नव्या पत्त्यावर ३०१. ३०२ नाही, तो तात्पुरत्या बदलासाठी असतो.

तुझा ३०१ गोल फिरत राहिला म्हणून तू तो काढून टाकलास, हे मला फाइलीतच दिसलं. का फिरला, हे शोधलंस का? आतल्या आत बदललेला पत्ता एचटीॲक्सेसच्या नियमांतून पुन्हा जातो, जुन्यासारखा दिसतो आणि परत बाहेर फेकला जातो. म्हणून हे काम पीएचपीत कर. पान सुरू होताना डेटाबेसमधून त्या वस्तूचा एकमेव बरोबर पत्ता काढ, ब्राउझरनं मुळात काय मागितलं होतं ते रिक्वेस्ट-यूआरआयमधून घे, प्रश्नचिन्हापुढचं सोडून दे, डीकोड कर आणि ताडून बघ. जुळत नसेल तर ३०१. तुझा नवा पत्ताही मी तपासला. ४२ नंतर ‘नवऱ्यामुलाचा-फेटा’च्या जागी ‘काहीही’ लिहिलं, तरी फेटाच आला. तू फक्त आकडा बघतोस, म्हणजे एका पानाला हवे तितके पत्ते. ही पळवाटही त्याच तपासणीनं बुजेल.

मराठी पत्ते ठेवलेस हे मला आवडलं, पण ते निभवायला जास्त काळजी लागते. ‘नवऱ्या’तला तो ऱ्य तीन तऱ्हांनी टाइप होतो : अख्खा ऱ घेऊन, र खाली नुक्ता देऊन, किंवा र्-नंतर न दिसणारा झेडडब्ल्यूजे घालून. डोळ्यांना तिन्ही सारखेच, सर्व्हरला तीन वेगळे पत्ते. पहिले दोन युनिकोडच्या एनएफसीनं एक होतात, तिसरा होत नाही. तो स्लग, म्हणजे पत्त्यातलं ते नाव, साठवतानाच तुला बदलावा लागेल. मराठी मुलानं मराठी दुकानाचं काम करताना हे बघायचं नाही, तर कोणी बघायचं?

राहिलं भावानुसार लावलेल्या यादीचं आणि जाहिरातीतून येणाऱ्या यूटीएम, एफबीक्लिड असल्या पॅरामीटरचं. ते पत्ते चालू ठेवावे लागतात, तिथं पानाच्या हेडमध्ये बरोबर पत्ता सांगणारा कॅनॉनिकल टॅग टाक. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून फेब्रुवारी २००९ मध्ये तो याचसाठी आणला. पण तो सूचना आहे, हुकूम नाही. मेनूत, साइटमॅपमध्ये तू स्वतः जुनेच पत्ते देत राहिलास तर तो एकटा काय करणार? आत्ताही तुझ्या मेनूतला ‘फेटे’ आयडीवरच जातोय.

आता सगळ्या साइटला हात लावू नकोस. आधी हे एक पान नीट कर. मग माझ्यासमोर कर्लनं हेडर मागव : जुन्या पत्त्यावर, ‘काहीही’वर आणि झेडडब्ल्यूजेवाल्यावर ३०१, बरोबरच्या पत्त्यावर २००. तिन्ही ३०१ थेट त्या एकाच पत्त्याकडे गेले पाहिजेत, मध्ये दुसरी उडी नको. त्यानंतर शेरवानीचं पान उघड.