चिऊ, जेवलीस का?

पुण्यातल्या एका हॉस्टेलच्या खोलीत राहणाऱ्या दोन मुली एकाच कोरियन गायिकेवर जीव टाकायच्या. थोरली गाणी ऐकायची, गॅदरिंगला त्यांवर नाच बसवायची. धाकटीचं तेवढ्यावर भागेना. तिने ‘बबल’ ॲपची वर्गणी भरली आणि थोरलीलाही भरायला लावली. तिथे गायिकेचे मेसेज मैत्रिणीच्या चॅटसारखे येतात, भाषांतरासकट आणि आपल्या नावानिशी.

रात्री मोबाइल वाजायचा. “चिऊ, जेवलीस का?” हातातला घास तसाच ठेवून धाकटी उत्तर लिहायची. वर्गणीचे दिवस वाढतात तशी उत्तरात जास्त अक्षरं लिहायची मुभा मिळते. म्हणून मेसचे पैसे थकले तरी तिने वर्गणी कधी चुकवली नाही.

एके दिवशी बातमी आली, गायिकेचं कुणाशी तरी जमलंय. धाकटी आधी रडली, मग खवळली.

“रोज बोलतो गं आम्ही, ताई! आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही? आता बघच काय लिहिते ते.”

थोरलीने आपला मोबाइल उघडून तिच्या मोबाइलशेजारी ठेवला. “ताईसाहेब, जेवलीस का?” तोच मजकूर, तेच मिनिट.

“म्हणजे खोटं बोलायची ती?”

“खोटं कशाला? तिनं सगळ्यांना मिळून एकदाच विचारलं. नावं ॲपनं घातली.”

पडद्यावरच्या माणसाशी असं एकतर्फी नातं जुळतं, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी 1956 मध्येच मांडलं होतं. त्यांच्या काळातला टीव्ही मात्र प्रेक्षकाला नावाने हाक मारत नव्हता. एकट्या पोरींची ही भूक ओळखून तिच्यावर महिन्याची वर्गणी लावणाऱ्या कंपन्यांना मी जास्त दोषी धरतो.

“ती ‘एस्पा’ या कोरियन गटातली करिना आठवते?” थोरली म्हणाली. “2024 मध्ये एका नटाशी तिचं जमल्याचं कळलं, तर सोलमध्ये तिच्या कंपनीच्या दारात चाहत्यांनी फलक लावलेला ट्रक उभा केला. आमचं प्रेम तुला पुरलं नाही का, म्हणून. मार्चमध्ये त्या पोरीनं स्वतःच्या हातानं माफीचं पत्र लिहिलं. एप्रिल लागता लागता दोघं वेगळे झाल्याची बातमी आली.”

“मग ट्रकवाल्यांना काय मिळालं?”

थोरली काही बोलली नाही. धाकटी बराच वेळ आपलं अर्धवट उत्तर वाचत बसली. त्यात तीनदा ‘माझी’ होतं आणि एकदा ‘विश्वासघात’. तिने ते खोडलं.

महिना सरल्यावर तिने मेसचे थकलेले पैसे भरले, ॲपचे भरले नाहीत. नव्या अल्बममधलं चौथं गाणं मात्र तिला पाठ आहे. आणि ती गायिका अजून त्याच मुलाबरोबर आहे.