दर्शन कीं प्रेक्षण?

पहांटे कोलंबोच्या धक्क्याला एखादें भलें मोठें प्रवासी जहाज लागतें. न्याहारी आटोपून उतारू खालीं येतात, त्यांच्यासाठीं उभ्या असलेल्या मोटारगाड्यांत बसतात आणि सुमारें ११५ किलोमीटर दूर असलेल्या कँडी नगराकडे निघतात. जाण्यास तीन-साडेतीन तास, परतण्यास तितकेच. आणि संध्याकाळीं जहाज नांगर उचलणार. तेव्हां जेवणाचा वेळ वजा जातां तेथील दंतमंदिरासाठीं फार तर तासभर उरतो. त्या तासांत बुद्धाच्या दंतधातूचें तें जगप्रसिद्ध स्थान पाहून होतें, जवळच्या दुकानांतून लांकडी हत्ती खरेदी होतात, आणि रात्रीं माणसें पुन्हा जहाजावरच्या आपल्या खोलींत निजतात.

हा प्रकार एके काळीं युरोप-अमेरिकेंतील धनिकांचा होता. आतां तसें राहिलें नाहीं. २०२३ च्या जून महिन्यांत चेन्नईहून हंबनतोटा, त्रिंकोमाली आणि कांकेसंतुरै या बंदरांना जाणारें जहाज सुरू झालें, आणि मध्यम वर्गांतील भारतीय कुटुंबेंहि त्या वाटेनें लंकेच्या विहारांत जाऊं लागलीं. आमच्या बीड जिल्ह्याला समुद्र नाहीं. बंदर म्हणजे काय हें येथील पुष्कळांनीं नकाशांतच पाहिलेलें. तरी अशा सफरींच्या गोष्टी येथील बैठकींतहि आतां ऐकूं येतात, आणि त्या ऐकतांना एक प्रश्न मनांत येतो. दुसऱ्याच्या देवळांत तासभर जाऊन माणूस तेथें नेमकें काय करतो? आणि जें करतो तें करण्याचा त्याला अधिकार काय?

या प्रश्नाचें सोपें उत्तर तयारच असतें. तासाभरांत कसलें दर्शन, असें म्हणून आपण नाक मुरडतों. परंतु हें उत्तर आपल्याच अंगावर उलटतें. आळंदीहून पंढरीला जाणारा वारकरी जवळजवळ तीन आठवडे चालतो, आणि विठ्ठलाच्या पायांवर डोकें टेकण्यास त्याला किती क्षण मिळतात? कित्येकांना तेवढेंहि मिळत नाहीं. ते कळसाला हात जोडून समाधानानें परत फिरतात. परळीस महाशिवरात्रीला तासचे तास रांगेंत उभें राहावें, आणि वैजनाथाच्या लिंगाला हात लागतो न लागतो तोंच मागच्यानें पुढें ढकलावें, हा आमच्याकडचा नित्याचा अनुभव. क्षणाचें दर्शन हें जर दर्शनच नव्हे, तर आम्हांपैकीं कोणालाच तें कधीं घडलेलें नाहीं. कोणी म्हणेल, वारकऱ्याचे पायींचे कष्ट त्या क्षणाच्या पाठीशीं असतात. खरें आहे, पण अंबाजोगाईहून एस. टी.नें पाऊण तासांत परळीस पोंचणाऱ्या म्हातारीची भक्ति, तिच्या चालत गेलेल्या आजीपेक्षां उणी आहे असें म्हणण्याचें धाडस आमच्यानें तरी होत नाहीं.

मग श्रद्धा? ज्याची श्रद्धा नाहीं त्यानें जाऊंच नये, असें कांहीं सज्जनांचें म्हणणें असतें. १९५० सालच्या मे महिन्यांत कँडी येथें जगांतील बौद्धांची परिषद भरली, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथें गेले होते. त्या वेळीं त्यांनीं दीक्षा घेतलेली नव्हती. परिषदेचे प्रतिनिधि म्हणून न बसतां, बौद्धांचे विधि प्रत्यक्ष पाहावे आणि त्या देशांत हा धर्म कितपत जिवंत आहे हें अजमावावें, हा त्यांचा हेतु होता. म्हणजे ते पाहण्यासाठींच गेले होते. पण त्या पाहण्यामागें १९३५ सालीं येवल्यास केलेली प्रतिज्ञा होती, आणि लक्षावधि माणसांचें भवितव्य होतें. जें दिसेल त्यावर आपल्याला कांहीं ठरवावें लागणार आहे, हें ओझें घेऊन ते त्या बेटावर उतरले होते. सहा वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, नागपुरास त्यांनीं काय ठरविलें तें सर्वांना ठाऊक आहे. अशा पाहण्याला उथळ कोण म्हणेल?

तेव्हां दोष वेळेचा नाहीं, अश्रद्धेचाहि नाहीं. आमच्या मतें तो एका क्रियापदांत दडलेला आहे. मराठींत देव दर्शन देतो, भक्त तें घेतो, किंवा दर्शन घडतें. देणारा देव आहे, म्हणजे न देण्याचीहि त्याला मुभा आहे. ‘पाहिलें’ या शब्दांत तसें कांहीं नाहीं. तेथें सारें कर्तृत्व पाहणाराकडे. प्रवासी ज्या क्षणीं सफरीचे पैसे मोजतो त्या क्षणीं पाहणें हा त्याचा हक्क होऊन बसतो, आणि दिसलें नाहीं तर आपण फसलों असें त्याला वाटतें. कँडीस हें फार स्पष्ट कळतें. तेथील दंतधातु एरवीं कोणाच्याहि दृष्टीस पडत नाहीं. एकांत एक बसविलेल्या सोन्याच्या करंडकांत तो ठेवलेला असतो. दिवसांतून तीन वेळां ढोलांच्या निनादांत पूजा होते, तेव्हां गाभाऱ्याचें दार उघडतें आणि भाविकाला बाहेरचा करंडक तेवढा, तोहि दुरून, दिसतो. पूजेची वेळ टळून गेली असली तर समोर बंद दार. पांढरीं वस्त्रें नेसून आलेली सिंहली बाई त्या बंद दारापुढेंहि फुलें ठेवून शांतपणें बसून राहते. जहाजावरून आलेला प्रवासी वाटाड्याला विचारतो, “मग येथें पाहायचें काय?” त्याला हंसूं नये. त्यानें पाहण्याचेंच मोल दिलें आहे, आणि तें देऊळ न दिसण्यावर उभें आहे. आमच्या परळीची रीत नेमकी उलटी. तेथें लिंगाला कोणींहि हात लावावा, जात-पात आड येत नाहीं. पण दोन्हीकडे नियम देवळाचा, येणाराचा नव्हे.

याहून बोंचणारी गोष्ट छायाचित्रांची. लंकेंत बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढवून घेणें हा मूर्तीचा अवमान समजतात. २०१२ सालीं मूर्तीचें चुंबन घेत असल्याचीं छायाचित्रें काढणाऱ्या तिघां फ्रेंच प्रवाशांना तेथील न्यायालयानें सहा महिन्यांची, पण स्थगित ठेवलेली, शिक्षा सुनावली. श्रद्धेचें रक्षण न्यायाधीशाकडे सोंपविणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. परंतु शिक्षा बाजूस ठेवली तरी नियमामागचें मर्म राहतेंच. आपण अमुक ठिकाणीं होतों हें चार लोकांना दाखविण्यासाठीं, ज्याच्याकरितां गेलों त्याच्याकडेच पाठ फिरवावी लागते.

आणि त्या चित्रांत पुष्कळदां आणखी कोणी असतें. श्रावणी सोमवारीं आपली आई वैजनाथाला बेल वाहून डोळे मिटून उभी आहे, आणि परमुलुखांतला एक अनोळखी मनुष्य तिच्या चेहऱ्यासमोर यंत्र धरून उभा आहे, असें क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. त्यानें कांहीं चोरलें नाहीं, वावगा शब्द काढला नाहीं. तरी आपला हात त्याला बाजूस सारण्यासाठीं पुढें होईलच. तिची प्रार्थना तिच्या आणि देवाच्या मधली होती. त्यानें तिला न विचारतां तिचा देखावा केला.

जेथें पूजा चालत नाहीं तेथें तरी मोकळीक असावी, असें कोणी म्हणेल. अंबाजोगाईच्या हत्तीखान्याच्या लेण्यांत मुलांच्या सहली जातात, दगडी हत्तींभोंवतीं मुलें दंगा करतात, आणि त्यांत कोणाचें मन दुखावत नाहीं असें आपण धरून चालतों. पण अमुक देऊळ मेलें, हें ठरविणारे आपण कोण? औरंगाबादेजवळचीं, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरजवळचीं, बौद्ध लेणीं शेंकडों वर्षें ओस होतीं. १९५६ नंतर मराठवाड्यांतील बौद्ध तेथें पुन्हा वंदनेला जाऊं लागले. ज्या मूर्तीपुढें केवळ इतिहासाचे अभ्यासक मापें घेत उभे राहत, तेथें आज कोणी हात जोडून बसलेला असतो. तोच मनुष्य उद्यां लंकेच्या जहाजावरहि असूं शकेल, आणि ज्या तासांत त्याच्या शेजारच्या उतारूची सहल चालली आहे त्याच तासांत त्याची तीर्थयात्रा चाललेली असेल. वाटाड्या दोघांनाहि सारखीच घाई करणार.

एक आक्षेप उरतो, आणि तो हलका नाहीं. २०२२ सालीं लंकेची तिजोरी रिकामी झाली. औषधें आणि इंधन मिळेनासें झालें. अशा देशांत परकी प्रवासी हा कित्येक घरांची चूल पेटविणारा माणूस. कँडीच्या मंदिरांत परदेशीयांकडून प्रवेशशुल्क घेतात तें उगीच नव्हे. मग यजमानानेंच दार उघडून मोल सांगितलें असतां पाहुण्यानें संकोच कां धरावा? आम्हांस वाटतें, गरजेपोटीं उघडलेल्या दारांतून आंत जातांना तर संकोच अधिकच हवा. आमच्या जिल्ह्यांतून दरवर्षीं लक्षावधि माणसें ऊस तोडण्यासाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. मुकादमानें दिलेल्या उचलीनें त्यांचे हात एका हंगामापुरते बांधले जातात. पण कोणी त्यांच्या कोपींत शिरून त्यांचा देव न्याहाळूं लागला, तर तें उचलींत धरलेलें नसतें.

चिनी भिक्षु फाहियान सोळाशें वर्षांपूर्वीं ताम्रलिप्तीहून व्यापाऱ्यांच्या जहाजांतून लंकेस गेला आणि दोन वर्षें तेथें राहिला. अनुराधपुराच्या अभयगिरि विहारांत एक हिरव्या रत्नपाषाणाची बुद्धमूर्ति होती. एके दिवशीं तिच्यापुढें कोणा व्यापाऱ्यानें वाहिलेला, चीन देशच्या पांढऱ्या रेशमाचा पंखा त्याच्या दृष्टीस पडला आणि त्याचे डोळे भरून आले. देश सोडून कित्येक वर्षें झालेलीं. बरोबरचे सोबती कांहीं मेलेले, कांहीं मागें राहिलेले. त्याचा वृत्तान्त वाचणारे या अश्रूंपाशीं थांबतात. आमचें मन त्या व्यापाऱ्याकडे अधिक ओढतें. त्याचें नांव फाहियानानें लिहिलेलें नाहीं. माल उतरविण्यास आणि नवा भरण्यास लागेल तितकाच वेळ तो त्या बेटावर असावा. तेवढ्यांत तो विहारांत गेला, विकावयास आणलेल्यांतलाच असेल कदाचित्, पण एक पंखा मूर्तीपुढें ठेवला, आणि आपल्या जहाजाकडे परत गेला.