सत्य आणि ऐकणाऱ्याचे मन

“खरे असेल ते आम्ही तोंडावर बोलतो, मग कोणास वाईट वाटो,” असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ जण आमच्या मंडळ्यांत आढळतात. खरे बोलणे हा सद्गुण आहे यांत संशय नाही. परंतु बोलणे खरे असले म्हणजे बोलणाऱ्याचे कर्तव्य संपले काय?

ईयोबाचे तीन मित्र त्याच्याजवळ सात दिवस व सात रात्री भुईवर निमूट बसले. तोंवर ते खरे सोबती होते. मग ते बोलू लागले. देव न्यायी आहे, दुष्टपणाचे फळ वाईट असते, हे त्यांचे म्हणणे कोण खोटे म्हणेल? परंतु दहा लेकरे गमावलेल्या मनुष्यापुढे त्यांनी त्याच तत्त्वांचे दगड केले. त्यांची दृष्टि ईयोबावरून निघून स्वतःच्या मतावर बसली, आणि शेवटी देवाचा कोप त्यांजवर झाला.

आम्हीही असेच करितो. ज्या घरचे मूल आज मातीआड झाले, तेथे उंबरठ्यावरूनच आम्ही रडू नये असा उपदेश करितो. खुरपणीच्या दिवसांत मजुरी बुडेल या भयाने जी विधवा उपासनेस आली नाही, तिला चार लोकांदेखत जाब विचारितो. उपासना चुकवू नये हे खरे. पण तिच्या चुलीची चौकशी कोणी केली?

तर मग सत्य झाकावे काय? मुळीच नाही. नाथानाने दावीद राजाचे पाप झाकिले नाही. परंतु त्याने आधी एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली. दावीद लहानपणी मेंढरे राखीत असे. ती गोष्ट त्याच्या काळजास भिडली आणि त्याने स्वतःच अपराध्याचा न्याय केला. मग नाथानाने तो अपराधी कोण हे उघड सांगितले. ऐकणाऱ्याचे मन ओळखल्याने सत्य उणे झाले नाही; ते आत शिरले.

आपण लाजराला उठविणार हे प्रभूला ठाऊक होते. तरीही मरीयेला रडताना पाहून तो आधी रडला.

म्हणून, बंधुभगिनींनो, कोणास बोध करण्यास निघाल्यावर त्याच्या ओसरीवर घटकाभर बसावे, त्याचे ऐकून घ्यावे, आणि मग बोलावे. कित्येकदा, जे बोलण्यास आपण निघालो होतो, ते तो स्वतःच बोलून दाखवील.